पानावर आडवा हात

लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलेबीचं ताट घेऊन आला की पोट भरलेला पाहुणा बोलत नाही, पानावर हात आडवा धरतो. वाढपी ओळखतो आणि पुढे सरकतो. सांगलीत विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या भाचीची अकरा महिन्यांची लेक हेच करायला लागली, तेव्हा घरात जरा कुरबुर झाली.

भाचीनं ते मुद्दाम शिकवलं होतं. मऊ भाताचे पाच-सहा घास झाले की वाटीवर आपला हात धरायचा आणि विचारायचं, "पुरे?" तीन आठवडे पोरगी नुसती टुकुटुकु बघत होती. मग एका दुपारी चमचा पुढे आल्यावर तिनं भातानं चिकट झालेला पंजा वाटीवर, म्हणजे खरं तर वाटीतच, ठेवला. भाची खूश, सासूबाई नाराज. "अगं, हातानंच सगळं मिळायला लागलं तर ती तोंड कशाला उघडेल?"

हे म्हणणाऱ्या आजींनीच नातीला टाटा करायला, टाळ्या वाजवायला, बाप्पाला जेजे करायला शिकवलं होतं, ही गोष्ट वेगळी!

बोलण्याआधी हात का चालतो? 'पाणी' म्हणायचं तर ओठ, जीभ, जबडा, स्वरयंत्र आणि श्वास या सगळ्यांचा मेळ क्षणार्धात जमवावा लागतो. शिवाय बाळाला स्वतःची जीभ दिसत नाही, हात दिसतो. आईला बाळाचा हात धरून वळवता येतो, जीभ कशी वळवणार? शब्द कळायला मात्र सहा ते नऊ महिन्यांतच सुरुवात झालेली असते. कळतंय पण सांगता येत नाही, असा हा काळ आणि त्यातली बरीचशी रडारड तिथूनच येते. साधारण 9 ते 14 महिन्यांच्या दरम्यान बाळ बोट दाखवू लागतं. 'ते दे' म्हणून दाखवलेलं बोट आणि 'ते बघ ना!' म्हणून दाखवलेलं बोट, हा फरक एलिझाबेथ बेट्स आणि सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात मांडला. मला दुसरं बोट जास्त मोलाचं वाटतं. कावळा बाळाला नको असतो, तो आपणही बघावा एवढीच त्याची इच्छा असते.

बाळखुणांचा अभ्यास गाजला तो अमेरिकेतल्या लिंडा अ‍ॅक्रेडोलो आणि सुसान गुडविन या मानसशास्त्रज्ञांमुळे. अ‍ॅक्रेडोलो यांची वर्षाची मुलगी फूल दिसलं की नाक फेंदारून हुंगल्यासारखं करायची आणि मासा दिसला की फुंकर मारायची. फुंकर कशाला? तर पाळण्यावर टांगलेले मासे हलवायला आई रोज फुंकर घालायची. मुलीनं स्वतःच खूण पाडली होती. पुढे दोघींनी 103 बाळांचा अभ्यास करून 2000 साली तो प्रसिद्ध केला. खुणा शिकलेल्या मुलांचं बोलणं मागे पडलं नव्हतं, उलट काही चाचण्यांत ती थोडी पुढेच होती.

यावरून खुणा शिकवणाऱ्या वर्गांचा आणि पुस्तकांचा मोठा धंदा उभा राहिला. पण 2013 साली ब्रिटनमध्ये एलिझाबेथ कर्क आणि सहकाऱ्यांनी 40 मायलेकरांवर 8 ते 20 महिन्यांपर्यंत लक्ष ठेवलं. खुणा शिकलेली मुलं बोलण्यात पुढेही गेली नाहीत, मागेही पडली नाहीत. ज्यांनी खुणा शिकवल्या त्या आया मात्र बाळाच्या न बोललेल्या इशाऱ्यांकडे जास्त लक्ष देऊ लागल्याचं दिसलं. तेव्हा 'खुणा शिकवा, मूल हुशार करा' असं सांगून कुणी पैसे मागितले तर खुशाल पानावर हात आडवा धरावा.

घरी करायचं तर एवढंच की खुणेबरोबर शब्द न चुकता उच्चारायचा. अगदी मुक्यानं नको. ज्यात बाळाला रस आहे अशा दोन-तीन गोष्टी पुरतात आणि खूण त्या वेळीच करायची. दूध पिऊन झाल्यावर दुधाची खूण शिकवण्यात अर्थ नाही. या चार खुणा म्हणजे कर्णबधिरांची सांकेतिक भाषा नव्हे. तिला मराठीइतकंच भरभक्कम व्याकरण असतं. ती भाषा वापरणाऱ्या घरात वाढणारी कर्णबधिर बाळं हातांनी 'बडबडतात', हे लॉरा-अ‍ॅन पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी 1991 साली दाखवलं.

काळजी करायची ती खुणा आहेत म्हणून नव्हे, नाहीत म्हणून. वर्ष झालं तरी बाळ बोट दाखवत नाही, टाटा करत नाही, हाकेला बघत नाही, तर 'आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात' म्हणत बसू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवून कान तपासून घ्यावेत. शेजारच्या मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही.

आजींची नाराजी महिनाभर टिकली. दरम्यान, सगळ्या चार पायांच्या जनावरांना मुलं 'भूभू' म्हणतात, तसं नातीनं 'पुरे'चं क्षेत्र वाढवलं. आधी तिनं तो हात मिक्सरवर ठेवला. मग परवा रात्री आजोबा फोनवर मोठ्यानं हळदीचे भाव सांगत होते, तेव्हा त्यांच्या तोंडावर.

आजी म्हणाल्या, "हे मात्र बरं शिकवलंस हो."