परदेशातला विक्रेता कोणाचा? एजंट, वितरक आणि पगारी माणूस यांची पार्श्वभूमी

परदेशी बाजारासाठी विक्रीची माणसे बाहेरची घ्यावीत की स्वतःची नेमावीत, हा प्रश्न बहुतेक वेळा कमिशनची टक्केवारी आणि पगार यांच्या तुलनेत अडकतो. त्या तुलनेत फारसे काही लपलेले नसते. खरा पैसा जातो तो करार मोडताना, आणि त्याची कारणे गेल्या सत्तर वर्षांतल्या कायद्यांत आहेत.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात आटोपतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निर्यातदाराला निवडच नव्हती. माल जहाजावर चढवायचा आणि परक्या बंदरातल्या अडत्याच्या हवाली करायचा. भाव तोच ठरवणार, उधारी तोच देणार, हिशेब कित्येक महिन्यांनी हाती येणार. जादा कमिशन घेऊन गिऱ्हाइकाच्या उधारीची हमी घेणारा ‘देल क्रेदेरे’ एजंट याच व्यवहारातला. १८६६ मध्ये अटलांटिकच्या तळातून टिकाऊ तार जोडली गेली, बाजारभाव लगेच कळू लागला आणि अडत्याच्या अंदाजाची किंमत उतरली. पुढे यंत्रे आली. त्यांना प्रात्यक्षिक, सुटे भाग, दुरुस्ती आणि हप्ते लागत. ते काम अडत्याच्या आवाक्याबाहेरचे असल्याने उत्पादकांनी स्वतःच्या शाखा काढल्या. युद्धोत्तर जपानमध्येही तेच दिसते: पोलाद, कापड आणि कच्चा माल व्यापारी पेढ्यांकडेच राहिला, मोटारी आणि घरगुती विद्युत उपकरणे बनवणाऱ्यांनी मात्र परदेशात आपापल्या विक्री कंपन्या उभ्या केल्या.

आता गोंधळाच्या शब्दाकडे. ‘आउटसोर्स’ या एकाच शब्दाखाली निदान तीन वेगळी नाती येतात. एजंट मालकाच्या वतीने बोलणी करतो; माल मालकाचा, बिल मालकाचे, बुडीत उधारीही मालकाची. वितरक माल स्वतः विकत घेतो आणि आपल्या भावाने विकतो. गिऱ्हाईक कोण हे तो सांगेलच असे नाही. तिसरी कंत्राटी टीम: ठरावीक मासिक शुल्कावर फोन, ईमेल, भेटी ठरवणे, कधी थेट ऑर्डरपर्यंत. करारावर मथळा काय छापला आहे, याला न्यायालय फार महत्त्व देत नाही. प्रत्यक्ष काम पाहते.

जर्मनीने १९५३ मध्ये व्यापारी कायद्यात दुरुस्ती करून एजंटाला करार संपल्यावर मोबदल्याचा हक्क दिला. एजंटाने जोडलेली गिऱ्हाइके मालकाकडे राहतात आणि पुढेही खरेदी करतात, मग त्या नावलौकिकाचा वाटा त्याला मिळावा, हा त्यामागचा विचार. १९८६ मध्ये युरोपीय समुदायाच्या (आजच्या युरोपीय संघाच्या) निर्देशाने, म्हणजे सदस्य देशांना आपापले कायदे त्यानुसार करायला लावणाऱ्या नियमाने, तो सगळ्या सदस्य देशांत नेला, पण दोन वाटा ठेवून. जर्मन वाटेत कमाल मर्यादा असते: शेवटच्या पाच वर्षांच्या मोबदल्याची वार्षिक सरासरी. समजा एजंटाला पाच वर्षांत २०, ३०, ४५, ५० आणि ५५ हजार युरो कमिशन मिळाले. बेरीज २ लाख, म्हणून मर्यादा ४० हजार. फ्रेंच वाट भरपाईची. तिथे न्यायालयांचा रिवाज साधारण दोन वर्षांच्या कमिशनचा. शेवटच्या दोन वर्षांवर मोजले तर त्याच एजंटाचे १ लाख ५ हजार होतात. शिवाय करार संपवण्याची पूर्वसूचना पहिल्या वर्षात एक महिन्याची, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यापासून किमान तीन महिन्यांची. एजंटाने वर्षभरात दावा कळवला नाही तर हक्क जातो, आणि निर्यातदाराला वाचवणारे असे मुद्दे मोजकेच आहेत.

सर्वांत वादग्रस्त निकाल २००० चा. मालक कॅलिफोर्नियाचा, एजंट तेव्हा सदस्य असलेल्या ब्रिटनमधला, करारात कॅलिफोर्नियाचा कायदा लागू असे कलम. युरोपीय समुदायाच्या न्यायालयाने ठरवले की एजंट सदस्य देशात काम करतो, तेव्हा हे संरक्षण कायदा निवडण्याच्या कलमाने टाळता येत नाही. आजही ‘आमच्या देशाचा कायदा लागू’ ही ओळ लिहून निर्धास्त झालेले निर्यातदार कमी नाहीत. २०२० मध्ये आणखी एक पळवाट बुजली: भाव बदलण्याचा अधिकार नसला तरी माणूस एजंट ठरू शकतो. निर्देशाचे संरक्षण मालाच्या एजंटालाच आहे; २०२१ मध्ये कायमस्वरूपी वापराचा सॉफ्टवेअर परवानाही ‘माल’ धरला गेला. त्यामुळे कंत्राटी टीम म्हणून नेमलेले लोक एजंट निघण्याची शक्यता वाढली.

वितरक नेमला की सुटका, असेही नाही. बेल्जियममध्ये १९६१ पासून एकाधिकार असलेल्या वितरकाला संरक्षण आहे. जर्मन न्यायालये एजंटाचा नियम वितरकालाही लावतात, जर तो मालकाच्या विक्रीव्यवस्थेत गुंफलेला असेल आणि गिऱ्हाइकांची माहिती देणे त्याच्यावर बंधनकारक असेल. म्हणजे दरमहा गिऱ्हाइकांची यादी मागणारे कलम दुधारी आहे. त्याहून मोठा फास नोंदणीचा: वैद्यकीय उपकरणाचा परवाना किंवा ट्रेडमार्क वितरकाच्या नावावर गेला, तर वितरक बदलणे म्हणजे बाजारात पुन्हा पहिल्यापासून शिरणे.

स्वतःच्या माणसाचीही अडचण आहे, ती कराची. दोन देशांतल्या करकरारांसाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेने १९६३ मध्ये काढलेल्या नमुन्यापासून नियम असा की परदेशातला माणूस कंपनीच्या नावाने नेहमी करार करत असेल, तर तिथे कंपनीचे कायम आस्थापन मानले जाते, म्हणजे तिथल्या नफ्यावर त्या देशाला कर लावता येतो. म्हणून कित्येक कंपन्या बोलणी तिकडे करत आणि सही इकडे घेत. २०१७ च्या नमुन्यात ही युक्ती मोडली: करार होण्यात मुख्य भूमिका बजावणे आणि पुढे तो फारसा न बदलता मंजूर होणे एवढेही पुरते. सर्व देशांच्या करारांत हा बदल आलेला नाही, म्हणून त्या-त्या देशाशी झालेला करार वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. दुसऱ्या कंपनीच्या पगारपत्रकावर माणूस ठेवण्याची अलीकडची सोय कामगार कायद्याचा प्रश्न सोडवते, कराचा नाही.

आकडेमोड राहिली. समजा एका माणसाचा पगार, सामाजिक विमा, प्रवास आणि नमुने मिळून वर्षाला १ लाख २० हजार युरो खर्च होतो आणि एजंट ८ टक्के घेतो. बरोबरी १५ लाखांच्या विक्रीला. मात्र माणूस पहिल्या दिवसापासून पगार घेतो, ऑर्डर नंतर येते. आणि एजंटाच्या बाजूला शेवटचा मोबदला धरायचा राहतोच. बाजार अनोळखी, माल सुटसुटीत, तर एजंट. विक्रीनंतर वर्षानुवर्षे सेवा लागत असेल तर पगारी माणूस लवकर नेमलेला बरा, बरोबरी गाठायच्या आधीच.

एजंटाशी करार करताना आधीच्या गिऱ्हाइकांची यादी, त्यांच्या गेल्या वर्षीच्या खरेदीसह, परिशिष्टात जोडून दोघांच्या सह्या घ्याव्यात. ती नसली की कोणते गिऱ्हाईक नवे, हे वादाच्या वेळी जुन्या ईमेलमधून शोधावे लागते, आणि ते ईमेल अनेकदा एजंटाच्याच खात्यावर असतात.