सुई, सॅक्सोफोन आणि पोलिसांचं कार्ड

१९४० ते १९६७ या काळात न्यू यॉर्कमध्ये दारू मिळणाऱ्या क्लबात वाजवायचं, गायचं किंवा नुसत्या बशा उचलायच्या म्हटल्या, तरी पोलिसांकडून ओळखपत्र काढावं लागे. त्याला कॅबरे कार्ड म्हणत. फोटो द्यायचा, बोटांचे ठसे द्यायचे आणि मुदत संपली की पुन्हा रांगेत उभं राहायचं. अमली पदार्थाच्या गुन्ह्यात नाव आलं की कार्ड गेलं. गायक फ्रँक सिनात्राला हा प्रकार अपमानाचा वाटला आणि त्यानं अर्ज करायलाच नकार दिला. त्याला ते परवडत होतं. जॅझवाल्यांचं पोट मात्र क्लबवरच चाले.

नामवंत संगीतकार आणि हेरॉइन हा विषय निघाला की प्रतिभा, वेदना आणि अकाली मृत्यू यांचं एक ठरलेलं कीर्तन सुरू होतं. मला त्या कीर्तनापेक्षा हे कार्ड जास्त बोलकं वाटतं.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ‘गर्द’ म्हणून माहीत झालेला हा पदार्थ आधी औषधाच्या दुकानात मिळे. १८७४ साली लंडनमध्ये सी. आर. ऑल्डर राइट या रसायनतज्ज्ञानं तो मॉर्फिनपासून प्रथम तयार केला, आणि १८९८ मध्ये बायर कंपनीनं खोकल्यावरचा उतारा म्हणून तो बाजारात आणला. ‘हेरॉइन’ हे कंपनीनंच ठेवलेलं नाव. अमेरिकेनं १९१४ मध्ये त्यावर बंधनं आणली, १९२४ मध्ये उत्पादनच बंद केलं. दुसऱ्या महायुद्धात समुद्रमार्ग विस्कळीत झाले तसा चोरटा मालही आटला. युद्ध संपल्यावर तुर्कस्तानची अफू, फ्रान्समधल्या मार्सेयच्या छुप्या प्रयोगशाळा आणि माफियाची माणसं अशी साखळी जुळली आणि माल न्यू यॉर्कच्या हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीत येऊन पडू लागला. नेमक्या त्याच वर्षांत, त्याच वस्तीत आणि ५२व्या रस्त्यावरच्या क्लबांत बीबॉप हे नवं, वेगवान जॅझ बहरात होतं. वाजवणारी पोरं विशीतली, काम रात्रीचं. विकणाऱ्याला शोधत हिंडायची गरज नव्हती, तो क्लबच्या दारातच उभा असे.

या सगळ्यांचा देव होता सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर. कॅन्सस सिटीचा हा मुलगा सोळाव्या वर्षी मोटार अपघातात सापडला, बरगड्या मोडल्या, आणि दुखण्यावर मॉर्फिन मिळालं. विशी गाठेपर्यंत हेरॉइन पक्कं अंगात मुरलं होतं. पुढे तो वाजवू लागला तसं त्याआधी कुणी वाजवलं नव्हतं, आणि इथेच घोटाळा झाला. त्याचे सूर उचलणाऱ्या पोरांनी सुईही उचलली. पार्करच्या साथीला ट्रम्पेट वाजवणारा रेड रॉडनी स्वतः त्यात अडकला. हेरॉइन हा त्या काळी आपल्या टोळीचा बिल्ला होता, असं तो पुढे सांगे. पार्कर स्वतः मात्र मुलाखतीत स्पष्ट म्हणाला होता की नशेत आपण जास्त चांगलं वाजवतो असं सांगणारा वादक धडधडीत खोटं बोलतो.

त्याचा पुरावा ध्वनिमुद्रिकेवरच आहे. २९ जुलै १९४६, लॉस एंजेलिस. पार्करला माल पुरवणारा माणूस पकडला गेलेला. (या माणसाच्या टोपणनावानं पार्करनं एक धून बांधली होती, आणि आपल्या मानधनातला अर्धा हिस्सा त्याच्या नावे लिहून दिला होता. उधारीचा असा करार सावकारालाही सुचला नसता.) माल नाही म्हणून पार्कर दारूवर आला. माल न मिळाल्यावर अंगाची जी तगमग होते, आपले गर्दुल्ले जिला ‘टर्की’ म्हणतात, ती लागलेली, उभं राहवत नाही, अशा अवस्थेत तो ‘लव्हर मॅन’ वाजवायला माइकपुढे आला. सूर उशिरा येतो, चाचपडतो, मध्येच तुटतो. त्याच रात्री हॉटेलच्या त्याच्या खोलीला आग लागली, पोलीस आले आणि त्याची रवानगी कॅमरिलोच्या सरकारी मनोरुग्णालयात झाली. तिथे तो सहा महिने होता. तिथून धडधाकट होऊन बाहेर पडला आणि पुन्हा टोचून घेऊ लागला. कंपनीनं ती मुद्रिका बाजारात आणली याचा पार्करला शेवटपर्यंत राग होता. आणि ऐकणाऱ्या पोरांनी काय करावं? तिच्यातल्या चुकासुद्धा स्वरलिपीसकट घोकल्या.

तरी ‘जॅझवाले सगळे तसलेच’ हे खरं नव्हतं. चार्ल्स विनिक या समाजशास्त्रज्ञानं पन्नाशीच्या दशकात न्यू यॉर्कच्या ३५७ जॅझवादकांची पाहणी केली. ५३ टक्क्यांनी एकदा तरी हेरॉइन घेऊन पाहिलं होतं, नेमानं घेणारे १६ टक्के होते. आकडा भयंकरच, पण उरलेलेही तेच तास, तेच क्लब, तेच संगीत वाजवत होते.

कार्डाचा फटका कसा बसे? १९४७ मध्ये गायिका बिली हॉलिडेला अमली पदार्थ बाळगल्याबद्दल एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली. सुटल्यावर मार्च १९४८ मध्ये तिनं कार्नेगी हॉल भरवला, कारण तिथे दारू मिळत नसे आणि कार्ड लागत नसे. कोपऱ्यावरच्या क्लबात मात्र तिला गाता येईना. पियानोवादक थेलोनियस मंकचं कार्ड १९५१ मध्ये गेलं. मोटारीत सापडलेला माल त्याचा नव्हता, पण त्यानं सोबत्याचं नाव सांगितलं नाही. सहा वर्षं त्याला आपल्याच शहरातल्या क्लबांची दारं बंद राहिली. पार्करचंही कार्ड त्याच सुमारास हातचं गेलं. १९५३ मध्ये त्यानं दारू परवाना खात्याला अर्ज लिहिला की माझा धंदा करण्याचा हक्क काढून घेतला आहे आणि काहीच गुन्हा नसलेली बायको-मुलं भोगत आहेत. ‘बर्डलँड’ हा क्लब त्याच्याच ‘बर्ड’ या टोपणनावानं चालत होता. १२ मार्च १९५५ रोजी तो गेला. प्रेत तपासणाऱ्या डॉक्टरनं वय पन्नास ते साठच्या दरम्यान धरलं. तो ३४ वर्षांचा होता.

हॉलिडेचं त्याहून वाईट. १९५९ च्या उन्हाळ्यात ती मेट्रोपॉलिटन इस्पितळात शेवटचे दिवस मोजत होती. खोलीत माल सापडल्याचं सांगून पोलिसांनी तिला खाटेवरच अटक केली आणि दाराशी पहारा बसवला. १७ जुलैला ती गेली तेव्हा बँकेत सत्तर सेंट होते, आणि पायाला चिकटवलेले साडेसातशे डॉलर. अठरा वर्षांनी, १९७७ मध्ये, टोरांटोत ‘रोलिंग स्टोन्स’चा गिटारवादक कीथ रिचर्ड्स हेरॉइनसह पकडला गेला. शेवटी त्याला शिक्षा म्हणून अंधांसाठी एक कार्यक्रम करायला सांगितलं. देश वेगळा, काळ वेगळा, हे मान्य. कातडीचा रंग आणि वकिलाची फीसुद्धा वेगळी होती.

उपचारही तुरुंगाच्याच छपराखाली मिळत. केंटकीतल्या लेक्सिंग्टनला १९३५ मध्ये सरकारनं ‘नार्कॉटिक फार्म’ उघडलं. शेती, गोठा, शिवणकाम, आणि कैद्यांच्या शेजारी स्वतःहून दाखल झालेले रुग्ण. इतके जॅझवाले तिथून गेले की आतला वाद्यवृंद बाहेरच्या कुठल्याही क्लबाला लाजवील, असं म्हणत. बरेच जण बाहेर पडून पुन्हा त्याच दारात आले.

काही सुटलेही, आणि प्रत्येकाची तऱ्हा न्यारी. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस वडिलांच्या शेतावर स्वतःला कोंडून घेऊन सुटला. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेननं १९५७ मध्ये घरी बसून सोडलं, आणि त्याचं खरं मोठं काम त्यानंतरच्या दहा वर्षांतलं आहे.

सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्सची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. जानेवारी १९५३ मध्ये माइल्सच्या एका ध्वनिमुद्रणाला पार्कर आणि तो एकत्र होते. पार्करनं विचारलं, आता घेत नाहीस ना? रॉलिन्सनं नाही म्हणून सांगितलं. थोड्याच वेळात दुसऱ्या कुणाच्या तोंडून खरं निघालं आणि पार्करचा चेहरा उतरला. त्या चेहऱ्यामुळे आपण सोडायचं ठरवलं, असं रॉलिन्सनं पुढे अनेकदा सांगितलं आहे. तो लेक्सिंग्टनला गेला, मग शिकागोत झाडलोटीची कामं केली, आणि १९५५ च्या अखेरीस ड्रमवादक मॅक्स रोच आणि क्लिफर्ड ब्राऊन यांच्या संचात उभा राहिला. ब्राऊन कशाच्याही नादी न लागलेला, आणि ट्रम्पेट असा वाजवणारा की नशेची सबबच उरू नये. पुढे साठीच्या दशकाच्या शेवटी वाजवणं थांबवून रॉलिन्स काही महिने आपल्या पवईच्या आश्रमातही राहून गेला.

पार्करपुढे उभं राहून ‘आता खरंच नाही’ एवढं त्याला सांगायचं होतं. पण तो लेक्सिंग्टनमध्ये असतानाच पार्कर गेल्याची बातमी आली.