सिस्टिन चॅपल पाहायचं आहे? नाशिककरांसाठी व्हिसा, कागदपत्रं आणि तिकीट

सिस्टिन चॅपल म्हणजे व्हॅटिकनमधलं, छतावरच्या आणि भिंतींवरच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेलं प्रार्थनाघर. व्हॅटिकन वेगळा देश असला तरी त्याचा वेगळा व्हिसा नसतो. चहूबाजूंनी रोमच आहे, त्यामुळे इटलीत शिरायला लागणारा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत चालणारा एकच व्हिसा, पुरतो. मात्र सहलीत फ्रान्स किंवा स्वित्झर्लंडमध्ये मुक्काम जास्त असेल तर अर्ज त्या देशाकडे करायचा.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून घेतात. किमान १५ दिवस आधी, असा नियम आहे. त्यावर विसंबू नका. पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर ३ महिने चालणारा, दोन पानं कोरी असलेला हवा. सोबत फोटो, विमानाचं आणि राहण्याचं बुकिंग, किमान ३०,००० युरोचा प्रवास वैद्यकीय विमा, बँक स्टेटमेंट, आयकर रिटर्न. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५. नकार आला तरी ती परत मिळत नाही. बोटांचे ठसे द्यायला व्हिसा केंद्रात स्वतः जावं लागतं. मुंबईत दुपारची वेळ घेतलीत तर पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन त्याच दिवशी घरी येता येतं.

खरी अडचण आपल्या द्राक्ष बागायतदारांची. पैसा हंगामात एकदम येतो, आणि शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने अनेकांकडे रिटर्नच नसतं. माझ्या मामांनी अर्जाच्या आठवडाभर आधी भावाकडून पाच लाख घेऊन खात्यात भरले. नकार आला. अशी अचानक आलेली रक्कम संशय वाढवते. दुसऱ्या वेळी सातबारा, व्यापाऱ्याच्या हिशोब पट्ट्या, त्यांचं इंग्रजी भाषांतर आणि कोणती रक्कम कोणत्या मालाची हे सांगणारं पत्र जोडलं. व्हिसा मिळाला.

तिकीट व्हॅटिकन म्युझियमच्या अधिकृत संकेतस्थळावरच काढा. चॅपल त्यातच येतं. रविवारी बंद असतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सहसा मोफत, पण गर्दी फार. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, साडी किंवा सलवार-कमीज उत्तम. चॅपलमध्ये फोटो काढू देत नाहीत.

चॅपल पाहताना घाई मात्र करू नका. छत चित्रकार मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ मध्ये रंगवलं, वेदीमागची भिंत १५३६ ते १५४१ मध्ये, साठी ओलांडल्यावर. मामा भिंतीलगतच्या बाकावर बसून अर्धा तास नुसते वर बघत होते.