साइज जुळली म्हणजे रिम जुळली असं नाही

“डब्ल्यूएम२-१९, चाळीस होल. घेऊन आलो.” जुनी बुलेट मोटारसायकल दुरुस्त करून पुन्हा उभी करायला घेतलेला माणूस रिमबद्दल एवढंच सांगतो, आणि पुढचं सगळं मला दिसायला लागतं. दोन महिन्यांत एक स्पोक तुटणार, मग त्याच्या शेजारचा, आणि ‘आताच्या स्पोकमध्ये दमच राहिला नाही’ म्हणून स्पोकवाल्याच्या नावानं खडे फोडले जाणार. दोष स्पोकचा नसतो. रिमची साइज आणि रिमचं ड्रिलिंग या दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या, तिथं गाडं अडलेलं असतं.

साइज बहुतेकांना येते, म्हणून भरभर सांगतो. १९ हा टायरची कड जिथं बसते तिथला व्यास, इंचांत. रिमच्या काठापासून काठापर्यंत टेप लावली तर इंचभर जास्तच भरतो. डब्ल्यूएम२ हा रिमच्या रुंदीचा कोड, पण तो म्हणजे दोन इंच नव्हे. दोन्ही काठांच्या आतलं अंतर १.८५ इंच असतं. डब्ल्यूएम१ ला ते १.६० आणि डब्ल्यूएम३ ला २.१५. बाहेरून मोजून डब्ल्यूएम२ ला डब्ल्यूएम३ ठरवू नका. बुलेटच्या ३.२५-१९ टायरला डब्ल्यूएम२ च लागते. साइजचं एवढं पुरे.

आता ड्रिलिंग. रिमचं होल सरळ मध्याकडे पाडलेलं नसतं. आधी पत्र्याला खळगा दाबतात आणि मग त्यात तिरकं होल पाडतात, म्हणजे त्यात बसलेला निपल (स्पोकचं टोक धरणारी आट्यांची बारीक टोपी) हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, नेमक्या होलाकडे तोंड करून राहतो. हा तिरकेपणा दोन प्रकारचा असतो. एक डावी-उजवीकडचा, कारण एकाआड एक स्पोक हबच्या डाव्या-उजव्या फ्लॅन्जला, म्हणजे होल पाडलेल्या गोल कडेला, जातात. तो सगळ्यांना दिसतो. दुसरा चाक फिरण्याच्या दिशेतला, पुढं-मागं झुकलेला. घोळ होतो तो इथं.

हा दुसरा कोन हबवर अवलंबून असतो. स्पोक हबच्या फ्लॅन्जमधून आडवा, स्पर्शरेषेत निघाला असं धरा. १९ च्या रिमचं होल चाकाच्या मध्यापासून साधारण २३ सेंटिमीटरवर येतं. फ्लॅन्ज लहान, मध्यापासून ३ सेंटिमीटरवर असेल, तर स्पोक रिममध्ये मध्याकडे जाणाऱ्या सरळ रेषेपासून सात-आठ अंशच कलतो. फ्लॅन्ज ब्रेकच्या ड्रमच्या कडेला, ९ सेंटिमीटरवर असेल, तर तोच कल २३ अंशांपर्यंत जातो. दोन्ही रिमा १९ च्या, दोन्हींना चाळीस होल, दुकानात शेजारी टांगल्या तर डोळ्याला फरक कळत नाही. कोनात मात्र पंधरा अंशांचं अंतर.

माझ्या वडिलांची बुलेट उभी करताना मी यातच फसलो. दुकानदारानं दिलेली रिम नवी होती, क्रोमही चांगलं होतं, पण ती पुढं डिस्क ब्रेक असलेल्या गाडीची होती. तिथं हबचे दोन्ही फ्लॅन्ज लहान असतात. आमच्या गाडीला पुढं सात इंची ड्रम. चाक बांधणारे चाचा म्हणाले, “होल चाळीस हैत, बसतंय की.” बसलं. आउटही निघाला, म्हणजे चाक डगमग न करता फिरायला लागलं. तामलवाडी गाव ओलांडल्यावर टण्णकन आवाज आला. थांबून पाहिलं तर ड्रमच्या बाजूचा एक स्पोक निपलपाशी, आट्यांच्या पहिल्याच फेरीवर तुटला होता. उरलेले स्पोक जवळून पाहिले. निपलमधून बाहेर आल्या आल्या प्रत्येकाला बारीक बाक होता. निपल एका दिशेला बघत होता आणि स्पोक दुसऱ्या दिशेला ओढला जात होता. चाक फिरेल तसा तो बाक कमी-जास्त होतो, आणि तार वाकवून वाकवून तोडावी तसा स्पोक जातो.

म्हणून तुटलेला स्पोक फेकू नका. हबकडच्या वळणावर तुटला असेल तर बहुतेक वेळा ताण सैल होता. निपलकडे आट्यांवर तुटला असेल तर आधी रिमच्या होलावर संशय घ्या.

बुलेटच्या ड्रमवाल्या पुढच्या चाकात आणखी एक भानगड आहे. ड्रम एकाच बाजूला, त्यामुळं एक फ्लॅन्ज मोठा आणि दुसरा लहान. साहजिकच रिमच्या एका बाजूच्या होलांचा कल वेगळा, दुसऱ्या बाजूच्यांचा वेगळा. म्हणजे योग्य रिमसुद्धा उलटी बसवली तर चुकीचीच ठरते. मागचा हब वेगळा, म्हणून पुढची रिम मागं चालेल असंही धरून चालू नका.

तपासायला पाच मिनिटं लागतात आणि ती रिम घेण्याआधी द्यावीत. एक स्पोक आणि निपल खिशात घेऊन जा. निपल होलात बसवा, स्पोक हातानंच दोन-चार आटे फिरवा आणि सोडा. जबरदस्ती न करता तो जिकडं बघतो तिकडं हबचं होल यायला हवं. माझ्या त्या रिमवर नंतर हे करून पाहिलं तर स्पोकचं टोक तीन बोटं बाजूला जात होतं. शेजारशेजारची चार होलं तपासा, म्हणजे दोन्ही बाजू आणि दोन्ही दिशा होतात.

होल चुकलं की ते कानशीनं मोठं करून निपल वळवायचा, हा इलाज मला अजिबात मान्य नाही. खळग्याचा कोन त्यानं बदलत नाही, निपलला टेकायला धड जागा राहत नाही आणि कापलेल्या क्रोमखालून गंज धरतो. स्पोक पकडीनं वाकवून बसवणं त्याहून वाईट.

माझं मत विचाराल तर गाडीची मूळ रिम आतून, फ्लॅपखाली (ट्यूब आणि रिम यांच्यामधल्या रबरी पट्टीखाली), गंजून पातळ झालेली नसेल तर तीच पुन्हा क्रोम करून घ्या. तिचं ड्रिलिंग तुमच्या हबसाठीच झालेलं आहे. क्रोमवाल्याला खळगे घासून सपाट करू नको म्हणून बजावून सांगा. जुनं चाक खोलण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा, आणि रिमच्या आत, फ्लॅप येतो तिथं, ड्रमच्या बाजूला पंचनं एक ठिपका मारून ठेवा. रंगाची खूण क्रोमच्या टाकीत जाते. आणि नवीच घ्यायची असेल तर दुकानात ‘१९, चाळीस होल’ एवढंच म्हणू नका. ‘पुढची, सात इंची ड्रमची’ असं सांगा, आणि स्पोक लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.