नगर आरोग्य नियमन

शहराच्या किंवा गावाच्या हद्दीत राहणाऱ्यांना एकमेकांमुळे, तसेच पाणी, हवा, अन्न, प्राणी आणि कचरा यांच्यामार्फत आजार होऊ नयेत म्हणून स्थानिक संस्थेने केलेले नियम, त्यांची तपासणी आणि अंमलबजावणी. देशाचा कायदा चौकट घालून देतो, साथीच्या काळात वरून आदेशही येतात. पण नळाला गढूळ पाणी आले, शेजारच्या शोषखड्ड्याचे पाणी अंगणात झिरपले किंवा कोपऱ्यावर मेलेले जनावर तसेच पडून राहिले, तर नागरिक ज्या खिडकीशी जाऊन उभा राहतो ती खिडकी स्थानिक असते. दवाखान्यातला डॉक्टर रोगी पाहतो, नगराचा आरोग्य अधिकारी गल्ली पाहतो. त्याचे काम नीट झाले तर दाखवण्यासारखे काहीच उरत नाही. अंदाजपत्रकाला कात्री लावायची वेळ आली की पहिली नजर याच खात्यावर जाते, ती त्यामुळेच.

या नियमनाचा पाया ‘उपद्रव’ या जुन्या कायदेशीर कल्पनेत आहे. आपल्या जागेत कोणी कसे राहावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र त्याचा धूर, सांडपाणी, दुर्गंधी किंवा गोंगाट कुंपण ओलांडून बाहेर आला की तो उपद्रव ठरतो आणि तो थांबवण्याचा अधिकार संस्थेला मिळतो. कल्पना सोयीची आहे, पण तिच्यात एक खोट आहे. माणसाला खुपते ते आणि माणसाला मारते ते, या दोन गोष्टी बऱ्याचदा वेगळ्या असतात. कचऱ्याच्या ढिगाची तक्रार दुसऱ्या दिवशी येते. जंतू मारणारा क्लोरीन कमी पडलेल्या, पण काचेसारख्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याची तक्रार कोणीच करत नाही. नगर आरोग्याचा इतिहास हा बराचसा नाकाच्या साक्षीवरून मोजमापाच्या साक्षीकडे सरकण्याचा इतिहास आहे.

पूर्वेतिहास : एड्रियाटिक किनाऱ्यावरील रागुसा (आजचे दुब्रोव्हनिक) या व्यापारी नगराने 1377 मध्ये प्लेगग्रस्त भागांतून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा नियम केला. पुढे हा काळ चाळीस दिवसांचा झाला आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द रूढ झाला. व्हेनिसने 1423 मध्ये एका बेटावर यासाठी कायमचे रुग्णालय उभारले. रोग नेमका कशाने होतो हे यांपैकी कोणालाच माहीत नव्हते. नियम मात्र बऱ्यापैकी बरोबर होता.

कारण चुकीचे आणि उपाय बरोबर असा प्रकार पुढेही घडला, आणि एकदा उपाय उलटलाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील कारखान्यांची शहरे माणसांनी फुगली तेव्हा एडविन चॅडविक यांनी 1842 मध्ये कष्टकऱ्यांच्या वस्त्यांतील अस्वच्छतेवर अहवाल लिहिला. कुजक्या वासातून रोग होतो, असे ते ठामपणे मानत. या समजुतीतूनच त्यांनी गटारे, नळाचे पाणी आणि कचरा उचलण्याचा आग्रह धरला, आणि त्याचा फायदा झाला. पण त्याच समजुतीपायी लंडनची गटारे धुऊन घाण टेम्स नदीत सोडण्यात आली. नदीचे पाणी शहर पीत होते. वास गेला आणि पटकी (कॉलरा) घरोघर पोचली. 1848 च्या ब्रिटिश सार्वजनिक आरोग्य कायद्याने स्थानिक आरोग्य मंडळांची सोय केली. ज्या गावात वर्षाला दर हजारी 23 पेक्षा जास्त मृत्यू होतात तिथे असे मंडळ लादताही येत असे. ही अट महत्त्वाची आहे, कारण ती पाळायची तर आधी मृत्यू नीट मोजावे लागतात. जन्ममृत्यूची नोंदवही हे आरोग्य खात्याचे पहिले हत्यार झाले ते असे. त्याआधीच लिव्हरपूलने 1847 मध्ये विल्यम डंकन यांना नगराचा आरोग्य अधिकारी नेमले होते. सोबत उपद्रव निरीक्षकही होता. आजचा स्वच्छता निरीक्षक हा त्याचाच वंशज.

1854 च्या लंडनमधील ब्रॉड स्ट्रीटच्या साथीत सहाशेहून अधिक माणसे दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर मांडून सार्वजनिक पंपाकडे बोट दाखवले, आणि 8 सप्टेंबरला स्थानिक मंडळाने पंपाचा दांडा काढला. एवढी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. साथ तोवर ओसरू लागली होती, आणि नंतर तो दांडा पुन्हा बसवला गेला, हा भाग सांगितला जात नाही. खरा उलगडा पुढच्या वर्षी झाला. पंपाच्या विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर शेजारच्या घराचा मैलाकुंड होता, त्याची विटांची भिंत पोखरली होती, आणि त्या घरातल्या आजारी तान्ह्या मुलाची दुपटी धुतलेले पाणी त्याच कुंडात ओतले गेले होते. बाहेरून पाहणाऱ्याला विहीर विहिरीच्या जागी आणि कुंड कुंडाच्या जागी. दोष दोहोंच्या मधल्या मातीत होता.

हॅम्बुर्गने हाच धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. 1892 मध्ये तिथे पटकीने आठ हजारांहून अधिक बळी घेतले. लागूनच असलेले आल्टोना हे नगर एल्ब नदीच्या खालच्या अंगाला होते, म्हणजे हॅम्बुर्गची घाण मिसळलेले पाणी उचलत होते, आणि तरीही बरेचसे वाचले. आल्टोनात पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाई. हॅम्बुर्ग नदीचे पाणी न गाळता देत होते. दोन नगरांच्या सीमेवर रस्त्याच्या एका बाजूला माणसे मरत होती आणि दुसऱ्या बाजूला नव्हती. हवा तीच, वास तोच. वासातून रोग होतो या मताला याहून चोख उत्तर मिळणे कठीण होते.

पाणी : नियमनाचा सर्वांत मोठा भाग पाण्याने व्यापला आहे. 1908 मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीने रोजच्या पुरवठ्यात सतत क्लोरीन मिसळायला सुरुवात केली आणि काही दशकांत ही पद्धत जगभर पसरली. शुद्धीकरण केंद्रात जंतू मरतात, पण पाण्याचा प्रवास तिथून पुढे सुरू होतो. वाटेत काही शिरले तर त्यालाही मारता यावे म्हणून थोडा क्लोरीन पाण्यात शिल्लक ठेवावा लागतो. नळाशी तो साधारणपणे लिटरमागे 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम असावा अशी अपेक्षा असते. म्हणून तपासणी केंद्राजवळच्या नळावर करून भागत नाही, वाहिनीच्या शेवटच्या टोकाला जावे लागते.

ही तपासणी अगदी साधी आहे. नळ थोडा वेळ वाहू द्यायचा, काचेची लहान नळी खुणेपर्यंत भरायची, त्यात डीपीडी या रसायनाची गोळी चुरडून टाकायची आणि हलवायची. पाणी गुलाबी झाले की क्लोरीन आहे. किती गडद झाले ते शेजारच्या रंगपट्टीशी ताडून आकडा लिहायचा. जुन्या ऑर्थोटोल्युडीन (ओटी) चाचणीत पाणी पिवळे होई. ‘ओटी घेतली का?’ हा पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्यांचा प्रश्न तिथला. रंग उमटलाच नाही तर मग पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो. पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा आतड्यातला जंतू एकही चालत नाही. तो सापडणे म्हणजे विष्ठा मिसळल्याची खूण.

गोळी न टाकताच आकडा लिहिला गेला तर काय होते, हे कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या वॉकर्टन या सुमारे पाच हजार वस्तीच्या गावाने मे 2000 मध्ये पाहिले. मुसळधार पावसात गुरांचे शेण एका उथळ विहिरीत उतरले. क्लोरीन पुरेसा नव्हता. पाणी खात्याचे कर्मचारी वर्षानुवर्षे मोजमाप न करता तक्त्यात 0.5 किंवा 0.75 असे ठराविक आकडे भरत आले होते. प्रयोगशाळेने दूषित नमुन्यांचा अहवाल खात्याला कळवला, पण आरोग्य कार्यालयाला कोणीच कळवले नाही; विचारणा केली तेव्हाही पाणी ठीक आहे असेच उत्तर मिळाले. रक्ताचे जुलाब होणारी मुले दवाखान्यात येऊ लागल्यावर आरोग्य अधिकाऱ्याने कागदावर विश्वास न ठेवता, प्रयोगशाळेच्या निकालाची वाट न पाहता पाणी उकळून पिण्याची सूचना काढली. तोवर सुमारे 2,300 जण आजारी पडले होते किंवा पडण्याच्या वाटेवर होते. सात जण दगावले. नियम सगळे अस्तित्वात होते. तक्तासुद्धा भरलेला होता.

जिथे पाणी दिवसातून काही तासच येते तिथे अडचण वेगळी असते. वाहिनीत दाब असेपर्यंत गळक्या सांध्यातून पाणी बाहेर जाते. दाब गेला की त्याच सांध्यातून आजूबाजूचा ओलावा आत ओढला जातो, आणि शेजारी गटार असेल तर तो ओलावा गटाराचा असतो. पाणी सुटल्यावर येणारे पहिले गढूळ पाणी म्हणजे हेच. घरात साठवलेल्या पाण्यात क्लोरीन हळूहळू उडून जातो. त्यातूनच पुढचा विषय निघतो.

डास : डेंग्यू पसरवणारा एडिस डास नाल्यात नव्हे, तर घराच्या आत-बाहेर साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. नागरिक मात्र तक्रार करतो ती नाल्याची, आणि मागणी करतो ती धूरफवारणीची. धुराने उडते डास मरतात, भांड्यातल्या अळ्या तशाच राहतात. धूर दिसतो, आवाज होतो, काहीतरी केल्यासारखे वाटते. फवारणीची लोकप्रियता बहुधा यातच आहे. उबदार हवेत अंडे ते डास हा प्रवास सात ते दहा दिवसांत पुरा होतो, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून सगळी भांडी रिकामी करण्याचा नियम. भांडे नुसते ओतून चालत नाही. अंडी कडेला चिकटलेली असतात, कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून घासावे लागते.

निरीक्षक घरात येतो तेव्हा पाहतो ते कुंडीखालची बशी, शीतपेटीमागचा ट्रे, गच्चीवरचे जुने टायर, टाकीचे न बसणारे झाकण. पाण्यावर विजेरीचा उजेड किंवा हाताची सावली पडली की अळ्या वळवळत तळाशी पळतात. क्षणभर थांबले तर श्वास घ्यायला पुन्हा वर येतात. तो मोजतो आणि लिहितो. शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात. हा आकडा चढू लागला की रुग्ण यायच्या आधीच पुढचे चित्र दिसते. क्युबातील हवानात 1901 मध्ये अमेरिकी लष्करी डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी घरोघर अशी झडती घेऊन याच डासाने पसरणारा पीतज्वर काही महिन्यांत आटोक्यात आणला. अळ्या सापडलेल्या घरमालकाला तिथे दंड होत असे.

खाद्यगृहांच्या तपासणीत स्वयंपाकघराच्या चकचकीतपणापेक्षा तापमापकाला महत्त्व आहे : सुमारे 5 ते 60 अंश सेल्सियसच्या दरम्यान शिजवलेले अन्न तासन्‌तास राहिले तर जंतू झपाट्याने वाढतात. काही ठिकाणी तपासणीचा निकाल दारावरच लावावा लागतो, जसे लॉस एंजेलिस परगण्यात 1998 पासून श्रेणीचे अक्षर, तर डेन्मार्कमध्ये 2001 पासून हसरा किंवा रडका चेहरा. भटक्या कुत्र्यांबाबत वाद कुत्रे हटवण्यावर होतो. रेबीज थांबवायचा तर सुमारे 70 टक्के कुत्र्यांचे लसीकरण लागते, आणि हटवलेल्या कुत्र्यांच्या जागी बिनलसीची येतात. चावलेली जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे हा पहिला उपाय आजही सगळ्यांना माहीत नसतो. गोंगाट आणि धूर हे जुन्या उपद्रवांपैकीच, आता यंत्राने मोजले जाणारे.

सक्ती : या नियमनाला घरात शिरण्याचा, माल जप्त करण्याचा, माणसाला वेगळे ठेवण्याचा अधिकार असतो. हा अधिकार किती ताणायचा हा कायमचा वाद आहे. अमेरिकेतील केंब्रिज नगराच्या आरोग्य मंडळाने देवीची लस सक्तीची केली. नकार देणाऱ्या एका रहिवाशाला पाच डॉलर दंड झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1905 मध्ये न्यायालयाने नगराची बाजू उचलून धरली. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन ही स्वयंपाकीण स्वतः ठणठणीत राहून विषमज्वर पसरवत होती. 1907 मध्ये तिला वेगळे ठेवले. पुन्हा स्वयंपाक न करण्याच्या बोलीवर 1910 मध्ये सोडले. 1915 मध्ये ती एका प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात सापडली आणि 1938 मध्ये मरेपर्यंत एकांतवासात राहिली. तिला येत होते ते एकच काम बंद करायला लावताना जगण्याची दुसरी पुरेशी सोय कोणी लावून दिली नव्हती, हे तिच्या हट्टाबरोबर सांगायला हवे.

पुण्यात 1897 च्या प्लेगमध्ये घरझडत्यांसाठी गोरे सैनिक वापरले गेले. रोग्यांना हलवणे, घरे रिकामी करणे हे उपाय त्या काळच्या समजुतीप्रमाणे होते. पण देवघरात बुटांनी शिरणारा आणि बायकांची उघड्यावर तपासणी करणारा शिपाई लोकांना प्लेगइतकाच भयंकर वाटला. लोक रोगी लपवू लागले. प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर रँड यांच्यावर 22 जून 1897 रोजी चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आरोग्याची झडती आणि पोलिसी झडती यांतला फरक निरीक्षक उंबऱ्याशी कसा उभा राहतो यावर ठरतो.

तक्रारवही : नगराच्या आरोग्य खात्यात सर्वांत कमी वाचली जाणारी वही ही असावी. एक तक्रार म्हणजे गाऱ्हाणे. एकाच गल्लीतल्या पाच तक्रारी म्हणजे माहिती. ‘पाण्याला वास येतो’ अशी नोंद चार दिवसांत एकाच वाहिनीवरच्या घरांतून आली तर ती नकाशावर मांडायची, त्या भागात जुलाबाचे रुग्ण वाढले का हे आसपासच्या दवाखान्यांना विचारायचे, आणि टोकापासून केंद्राकडे एकेका नळावर क्लोरीन मोजत यायचे. जिथे रंग पुन्हा उमटू लागतो, बिघाड त्याच्या अलीकडे-पलीकडे असतो. मग व्हॉल्व्ह बंद करून खणतात. बहुतेक वेळा तिथे गटाराच्या चरातून गेलेली एखादी घराची जोडणी निघते, गंजलेली, सांध्याशी रबराचा तुकडा गुंडाळून तारेने आवळलेली.