नो-हिटर म्हणजे परफेक्ट गेम नव्हे

२० जून २०१५. बेसबॉलच्या सामन्यात वॉशिंग्टन नॅशनल्सचा मॅक्स शर्झर पिट्सबर्ग पायरेट्सविरुद्ध पिचिंग (म्हणजे गोलंदाजी) करत होता. नवव्या इनिंगमध्ये दोन आउट झाले तेव्हा त्याने २६ बॅटर ओळीने परत पाठवले होते. पहिल्या बेसचं (धाव काढताना गाठायच्या चार टप्प्यांतल्या पहिल्याचं) तोंडही कुणी पाहिलं नव्हतं. २७ वा बॅटर होसे तबाता. त्याच्यावरही दोन स्ट्राइक लागलेले, तिसरा लागला की बॅटर बाद. आणि शर्झरचा चेंडू आत शिरून तबाताच्या कोपरावर आदळला. चेंडू अंगाला लागला की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो. परफेक्ट गेम गेला. तबाताने कोपर मुद्दाम खाली आणलं असं म्हणणारे आजही भेटतात, आणि चित्रीकरण पाहिलं की त्यांच्याशी वाद घालावासा वाटत नाही. पुढच्या बॅटरला, जॉश हॅरिसनला, शर्झरने झेलबाद करवलं, नॅशनल्स ६-० जिंकले आणि शर्झरच्या नावावर नो-हिटर लागला.

आता त्याच वर्षाची ३ ऑक्टोबर ही तारीख घ्या. पुन्हा शर्झर, समोर न्यूयॉर्क मेट्स. या वेळी १७ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), वॉक (पिचरच्या चुकीने फुकट मिळणारा पहिला बेस) एकही नाही, अंगाला चेंडू लागणं नाही. सहाव्या इनिंगमध्ये तिसऱ्या बेसवरचा क्षेत्ररक्षक युनेल एस्कोबार याने चेंडू वाकडा फेकला तेवढा एक बॅटर बेसवर पोचला. परिणाम तोच: नो-हिटर आहे, परफेक्ट गेम नाही. जूनमध्ये घोटाळा शर्झरच्या हातून झाला, ऑक्टोबरमध्ये दुसऱ्याच्या. हिशेबात दोन्हींना शिक्षा सारखीच.

हा फरक क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना पटकन उमगत नाही, कारण बातम्यांत दोन्ही शब्द सरमिसळ करून येतात. नियम साधा आहे. बॅटरने चेंडू मारला आणि क्षेत्ररक्षकाच्या चुकीची मदत न होता तो बेसवर सुखरूप पोचला तर ती ‘हिट’. किमान नऊ इनिंगच्या पूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्याला अशी एकही हिट मिळाली नाही, की नो-हिटर. पण हिटशिवाय बेसवर जाण्याचे रस्ते बरेच आहेत. स्ट्राइक झोनबाहेरचे, म्हणजे बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीबाहेरचे, चार चेंडू बॅटरने सोडून दिले की वॉक. अंगावर चेंडू आला की बेस. क्षेत्ररक्षक गडबडला की एरर. तिसरा स्ट्राइक कॅचरच्या (बेसबॉलमधल्या यष्टिरक्षकाच्या) हातून निसटला तरी बॅटर पळून पहिला बेस गाठू शकतो. नो-हिटर या सगळ्यांकडे काणाडोळा करतो. परफेक्ट गेम एकालाही माफ करत नाही: नऊ इनिंग, प्रत्येकीत तीन आउट, म्हणजे २७ आले, २७ गेले, कुणीही, कुठल्याही मार्गाने, बेसवर गेला नाही. म्हणजे प्रत्येक परफेक्ट गेम हा नो-हिटर असतोच, उलट मात्र खरं नाही.

आपल्याकडचं निर्धाव षटक आठवा. त्यात बाय आणि लेग-बायच्या धावा गेल्या तरी षटक निर्धावच राहतं, कारण त्या गोलंदाजाच्या खात्यावर पडत नाहीत. वाइड टाकला की मात्र निर्धावपण गेलं. नो-हिटरचं गणित यापेक्षा जास्त उदार आहे. तिथे वॉकसुद्धा चालतो, जो निखळ पिचरचाच दोष असतो. २५ जून २०१० रोजी अॅरिझोना डायमंडबॅक्सच्या एडविन जॅक्सनने टँपा बे रेजविरुद्ध आठ वॉक देऊन, १४९ चेंडू टाकून नो-हिटर पूर्ण केला. दर थोड्या वेळाने बेसवर कुणीतरी उभाच. स्कोअर १-०. याला थोर पिचिंग म्हणायचं की थोर नशीब, हे ज्याने त्याने ठरवावं. मी दुसऱ्या बाजूला आहे.

आकडे पाहिले की दोन्हींतलं अंतर दिसतं. १८७६ पासूनच्या हिशेबात मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत) नो-हिटर तीनशेच्या वर झाले आहेत. परफेक्ट गेम २८ जून २०२३ च्या डोमिंगो हेरमानपर्यंत फक्त २४. आणि दोन परफेक्ट गेम एकाही पिचरला जमलेले नाहीत.

नोलन रायनची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. सात नो-हिटर, हा विक्रम. सातवा १ मे १९९१ रोजी टोरंटो ब्लू जेजविरुद्ध, वयाच्या ४४ व्या वर्षी. त्याच्यानंतर सँडी कोफॅक्सचे चार आहेत. मग रायनचा परफेक्ट गेम एकही का नाही? उत्तर त्याच्याच दुसऱ्या विक्रमात आहे. रायनने कारकिर्दीत ५,७१४ स्ट्राइकआउट घेतले, जे कुणालाही गाठता आलेले नाहीत, आणि २,७९५ वॉक दिले, तेही कुणी गाठलेले नाहीत. त्याचा चेंडू बॅटला लागणं कठीण होतं, पण चेंडू झोनमध्येच पडेल याची हमी त्याला स्वतःलाही नसावी. अशा माणसासाठी नो-हिटर हा जणू बेतून शिवलेला सन्मान आहे, आणि परफेक्ट गेम अशक्याच्या जवळपास. कोफॅक्सचंही सुरुवातीच्या वर्षांत असंच होतं, मग तो सुधारला. १९६२ ते १९६५, ओळीने चार वर्षांत चार नो-हिटर, त्यातला शेवटचा परफेक्ट: ९ सप्टेंबर १९६५, समोर शिकागो कब्ज, १४ स्ट्राइकआउट. त्या रात्री कब्जच्या बॉब हेंडलीनेही अख्ख्या सामन्यात एकच हिट दिली आणि तो १-० हरला. त्याच्याबद्दल मला नेहमी वाईट वाटतं.

आता एक गोष्ट, जी चाहत्यांच्या गप्पांतही फारशी निघत नाही. नो-हिटर हा बऱ्याचदा एका माणसाच्या मतावर उभा असतो, आणि तो माणूस मैदानावर नसतो. प्रेस बॉक्समध्ये बसलेला अधिकृत स्कोअरर ठरवतो की घसरत आलेला चेंडू शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने) ‘नेहमीच्या प्रयत्नात’ अडवायला हवा होता की नाही. हवा होता तर एरर, नो-हिटर शाबूत. नव्हता तर हिट, खेळ खलास. परफेक्ट गेममध्ये स्कोअररला काही कामच उरत नाही. हिट असो की एरर, बॅटर बेसवर गेला की संपलं. तिथे सगळा भार येतो अंपायरवर.

हा भार किती असतो ते २ जून २०१० रोजी डेट्रॉइटमध्ये दिसलं. टायगर्सचा आर्मांडो गलारागा, समोर क्लीव्हलँड. नवव्या इनिंगमध्ये ऑस्टिन जॅक्सनने पाठमोरं धावत असा झेल घेतला होता की आता काही चुकणार नाही असंच वाटावं. २६ आउट झाले. जेसन डोनल्डने चेंडू उजवीकडे घसरवला, मिगेल काब्रेराने तो पकडून पहिल्या बेसवर धावत आलेल्या गलारागाकडे फेकला. चेंडू आधी पोचला, पाय बेसवर होता. अंपायर जिम जॉयसने दोन्ही हात पसरले: सेफ. गलारागा नुसता हसला. पुढच्या बॅटरला त्याने आउट केलं आणि सामना ३-० संपला. चित्रीकरण पाहिल्यावर जॉयसने आपली चूक उघडपणे कबूल केली. दुसऱ्या दिवशी संघयादीचा कागद जॉयसच्या हातात द्यायला गलारागालाच पाठवलं, तेव्हा जॉयसच्या डोळ्यांत पाणी होतं. आयुक्त बड सीलिग यांनी निर्णय बदलला नाही. अशा निर्णयांची रीप्ले पाहून फेरतपासणी २०१४ पासून सुरू झाली, म्हणजे गलारागाला चार वर्षं उशिरा.

लक्षात घ्या, डोनल्डला स्कोअरबुकात हिट मिळाली. त्यामुळे गलारागाच्या वाट्याला परफेक्ट गेम नाही आणि नो-हिटरही नाही, नुसता वन-हिटर. शर्झरला निदान खालची पायरी तरी मिळाली.

त्याहून चमत्कारिक नशीब हार्वी हॅडिक्सचं. २६ मे १९५९ रोजी पायरेट्सच्या या डावखुऱ्या पिचरने मिल्वॉकी ब्रेव्ह्जचे ३६ बॅटर ओळीने बाद केले. नऊ नाही, बारा इनिंग परफेक्ट. पण त्याच्या संघालाही धाव काढता येईना. तेराव्या इनिंगमध्ये डॉन होकच्या एररने परफेक्टपण गेलं, मग बंट (बॅटने चेंडू नुसता हलकेच टेकवणं) झाला, हँक अॅरनला मुद्दाम वॉक दिला, आणि जो अॅडकॉकने चेंडू कुंपणाबाहेर टोलवला. बेसवरच्या धावण्यातल्या गोंधळामुळे तो होम रन मोजला गेला नाही. १-० असा निकाल लागला. कित्येक वर्षं हॅडिक्सचं नाव यादीत होतं. १९९१ मध्ये मेजर लीगने व्याख्या आवळली: सामना किमान नऊ इनिंगचा हवा आणि संपेपर्यंत हिट नको. त्या झाडाझडतीत ५० नो-हिटर यादीतून गळाले, हॅडिक्सही गेला. आदल्याच वर्षी, १ जुलै १९९० ला, न्यूयॉर्क यांकीजच्या अँडी हॉकिन्सने शिकागोत एकही हिट न देता ०-४ असा सामना गमावला होता. यजमान संघ आघाडीवर असल्याने नववी इनिंग त्यांना खेळावीच लागली नाही, हॉकिन्सची पिचिंग आठच इनिंग झाली, म्हणून तोही बाद.

हरलेल्या नो-हिटरचा विषय निघालाच आहे तर हे दुसरं अंतर: नो-हिटर टाकून सामना हरता येतो. ह्यूस्टनच्या केन जॉन्सनने २३ एप्रिल १९६४ रोजी पूर्ण नऊ इनिंग एकही हिट न देता सिनसिनाटीकडून ०-१ मार खाल्ला. परफेक्ट गेममध्ये नऊ इनिंगपर्यंत हे घडूच शकत नाही, कारण बेसवर कुणी गेलंच नाही तर धाव कोण काढणार?

जुन्या वैरात हे पराक्रम घडले की त्यांना वेगळीच चव येते. ८ ऑक्टोबर १९५६, वर्ल्ड सीरिजचा (मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा) पाचवा सामना, यांकीज विरुद्ध ब्रुकलिन डॉजर्स. दोन वर्षांपूर्वी बाल्टिमोरकडून ३ विजय आणि २१ पराभव अशी कामगिरी केलेला, याच सीरिजच्या दुसऱ्या सामन्यात दुसऱ्या इनिंगमध्येच बाहेर काढलेला डॉन लार्सन, ९७ चेंडूंत परफेक्ट गेम टाकून गेला. जॅकी रॉबिन्सनचा सणसणीत फटका अँडी केरीच्या हाताला लागून शॉर्टस्टॉपकडे उडाला आणि रॉबिन्सन थोडक्यात आउट झाला. गिल हॉजेसचा लांब फटका मिकी मँटलने धावत जाऊन झेलला. यातलं एक जरी निसटलं असतं तर लार्सनचं नाव आज कुणी घेतलं नसतं. म्हणून मी परफेक्ट गेम पिचरच्या थोरवीचा पुरावा मानत नाही. फिलिप हंबरने २०१२ मध्ये परफेक्ट गेम टाकला, आणि त्याचे कारकिर्दीतले एकूण विजय १६. उलट ग्रेग मॅडक्स आणि रॉजर क्लेमन्स, दोघांच्या नावावर साधा नो-हिटरही नाही.

यांकीज आणि बोस्टन रेड सॉक्सच्या भांडणात हा फरक मनाला आणखी लागतो. २ सप्टेंबर २००१, बोस्टनचं फेनवे पार्क. यांकीजचा माइक मुसिना २६ बॅटर बाद करून उभा होता. समोर रेड सॉक्सकडून पिचिंग करणारा डेव्हिड कोन, ज्याने दोनच वर्षांपूर्वी यांकीजसाठी परफेक्ट गेम टाकला होता. बदली बॅटर म्हणून कार्ल एव्हरेट आला, दोन स्ट्राइक पडले, आणि त्याने चेंडू डावीकडे मोकळ्या जागेत टोलवला. सामना यांकीजनेच १-० जिंकला, पण बोस्टनवाले खूश होते. त्याउलट ४ जुलै १९८३ ला यांकी स्टेडियमवर डेव्ह रिघेटीने रेड सॉक्सविरुद्ध नो-हिटर टाकला. वॉक दिलेले होते, परफेक्टच्या जवळपासही नव्हता. शेवटचा आउट मात्र वेड बॉग्जचा, तोही स्ट्राइकआउट. एवढ्यावर यांकीजचे जुने चाहते अजून खूश आहेत.

नो-हिटर चालू असताना डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बसायच्या जागेत) तो शब्द काढायचा नाही, पिचरशेजारी बसायचं नाही, ही रीत दोन्हींना सारखीच लागू. अलीकडे खरी अडचण अपशकुनाची नसून चेंडूंच्या मोजणीची आहे. १३ एप्रिल २०२२ ला डॉजर्सच्या क्लेटन कर्शॉने मिनेसोटाविरुद्ध सात इनिंग परफेक्ट टाकल्या, आणि ८० चेंडूंवर व्यवस्थापक डेव्ह रॉबर्ट्सने त्याला थांबवलं. आठव्या इनिंगमध्ये दुसऱ्या पिचरवर हिट बसली आणि विषय मिटला. नो-हिटर अनेकांनी वाटून टाकलेला चालतो. २०२२ च्याच वर्ल्ड सीरिजमध्ये ह्यूस्टनच्या चार पिचरांनी मिळून फिलाडेल्फियाविरुद्ध तो पूर्ण केला. मेजर लीगमधले २४ परफेक्ट गेम मात्र सगळे एकेकट्याचे आहेत. वाटून टाकलेला परफेक्ट गेम पाहायचा तर जपानकडे बघावं लागतं: २००७ च्या जपान सीरिजमध्ये चुनिची ड्रॅगन्सच्या दाइसुके यामाईने आठ परफेक्ट इनिंग टाकल्या, नववी हितोकी इवासेने, आणि ५३ वर्षांनी चुनिची विजेते झाले. यामाईला काढल्याबद्दल व्यवस्थापक ओचिआईंना बोल लावणारे तिकडे अजून आहेत.

सामना मध्येच लावलात आणि यातलं कोणतं चाललंय ते ओळखायचं असेल, तर फलकावर विसंबू नका. तिथे धावा, हिट आणि एरर असे तीनच रकाने असतात. वॉक आणि अंगाला लागलेले चेंडू दिसतच नाहीत, त्यामुळे धावा शून्य, हिट शून्य, एरर शून्य असूनही परफेक्टपण केव्हाच गेलेलं असू शकतं. बॅटिंगचा क्रम पाहा. तीन इनिंग संपल्या की नवव्या क्रमांकाचा बॅटर आउट झालेला असायला हवा, सहा संपल्या की दुसऱ्यांदा. क्रम एकाने जरी पुढे सरकला असेल तरी परफेक्ट गेम नाही. क्रम जुळला तरी खात्री धरू नका. २३ जून १९१७ ला बोस्टनच्या बेब रूथने पहिल्याच बॅटरला वॉक दिला, अंपायरशी हुज्जत घालून त्याला ठोसा मारला आणि मैदानाबाहेर गेला. बदली आलेल्या अर्नी शोअरच्या हाताखाली तो रनर बेस चोरताना पकडला गेला आणि उरलेले २६ शोअरने ओळीने आउट केले. बॅटर बरोबर २७ आले, २७ आउट झाले. बरीच वर्षं तो परफेक्ट गेम म्हणून मोजला जायचा. आज यादीत तो रूथ आणि शोअर यांचा संयुक्त नो-हिटर आहे.