हात वर जातो तो फऱ्याच्या जोरावर

नोव्हेंबर-डिसेंबरात निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागांत विरळणी (घडातले जादा मणी काढणं) आणि डिपिंगची (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवण्याची) घाई असते. मांडवाच्या तारा डोक्याच्या वर, घड त्याखाली लोंबणारे, आणि हात तासन्‌तास वरच. हंगाम निम्म्यावर आला की खांदे धरायला लागतात. कुणी दंडाच्या वरच्या टोकावर बोट ठेवतं, कुणी खवाट्यात चमक निघते म्हणतं. मग जिथं दुखतं तिथं मलम चोळलं जातं. पण खांद्याच्या बाबतीत दुखणारी जागा आणि बिघाडाची जागा एकच असेल असं नाही. हात वर नेण्याच्या कामात जवळजवळ तिसरा हिस्सा पाठीवरच्या फऱ्याचा, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या त्रिकोणी हाडाचा असतो, आणि तपासायचा राहून जातो तो नेमका फराच.

खांद्याची रचना मुळातच वेगळी आहे. संपूर्ण हात धडाला हाडानं जोडलेला आहे तो एकाच ठिकाणी: गळ्याच्या खळगीच्या बाजूला, जिथं कॉलरबोन छातीच्या मधल्या हाडाला मिळतं. तिथं बोट ठेवून खांदा कानाकडे उचला, हाडाचं टोक हललेलं बोटाला कळेल. फरा तर बरगड्यांना हाडानं कुठंच जोडलेला नाही. साधारण दुसऱ्या ते सातव्या बरगडीच्या उंचीवर तो स्नायूंच्या थरांत तरंगता असतो. त्याला १७ स्नायू चिकटलेले आहेत. तेच त्याला धरून ठेवतात आणि तेच हलवतात. फऱ्याचं वरचं, बाहेरचं टोक म्हणजे खांद्यावर हाताला लागणारं छप्पर. त्याच्या खाली उथळ खोबण असते, आणि त्यात दंडाच्या हाडाचा गोल माथा बसतो. बसतो म्हणजे बशीवर लिंबू ठेवावं तसा: एका वेळी माथ्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भागच खोबणीला टेकलेला असतो. म्हणून हात सगळ्या दिशांना फिरतो, आणि म्हणूनच शरीरातल्या मोठ्या सांध्यांत सर्वांत जास्त निखळतो तो खांदाच, तोही बहुतेक वेळा पुढच्या बाजूला.

कॉलरबोनचं काम खांद्याला छातीपासून लांब रोखून धरण्याचं. गर्भात सर्वांत आधी हाड बनायला सुरुवात होते ती याच्यात, पाचव्या-सहाव्या आठवड्यात. आणि त्याचं छातीकडचं टोक पूर्ण जुळायला विशी उलटून जाते. दुचाकीवरून खांद्यावर पडलं की बहुधा हेच मोडतं, आणि तेही मधल्या तिसऱ्या भागात.

आता मूळ मुद्दा. हात मांडीपासून कानापर्यंत बाजूनं वर नेला की साधारण १८० अंशांचा प्रवास होतो. त्यातले सुमारे १२० अंश खोबणीतल्या सांध्यात होतात आणि ६० अंश फरा बरगड्यांवर फिरल्यामुळे मिळतात. इनमन, सॉन्डर्स आणि अ‍ॅबट या अमेरिकी संशोधकांनी १९४४ साली हे दोनास एकचं प्रमाण मांडलं. पुढच्या मोजमापांत ते माणसागणिक, कोनागणिक आणि हातातल्या वजनागणिक बदलतं असं दिसलं. पहिल्या ३० अंशांत तर फरा फारसा हलतच नाही. तरी फऱ्याशिवाय हात पुरता वर जात नाही, हे कायम आहे. त्याच वेळी कॉलरबोनही वर उचललं जातं आणि स्वतःभोवती मागं वळतं.

फऱ्याला फिरवणारे मुख्य स्नायू तीन. मानेपासून पाठीवर पसरलेल्या ट्रॅपीझियसचा वरचा भाग खांद्याचं टोक वर ओढतो, त्याचाच खालचा भाग फऱ्याची आतली कड खाली धरतो, आणि बगलेखाली बरगड्यांवर पसरलेला सेरेटस फऱ्याचं खालचं टोक बाहेर-पुढं ओढतो. तिघांची ओढ एकत्र जुळली तर फरा गोल फिरतो. एक ढिला पडला तर फिरण्याऐवजी नुसता वर सरकतो.

दंडाच्या हाडालाही वळावं लागतं. तळवा जमिनीकडे ठेवून, अंगठा पुढं-खाली वळवून हात बाजूनं उचला. खांद्याच्या उंचीच्या आसपास तो अडतो. तिथंच तळवा आकाशाकडे करा, हात सहज वर जाईल. दंडाच्या माथ्यावरचा उंचवटा छपराला अडत होता, तो वळून मागं गेला. हे छप्पर आणि माथा यांतली फट जेमतेम १ सेंटिमीटर असते, आणि तीतून सुप्रास्पायनेटस स्नायूची कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी जोडणारी दोरी, जाते. दंडाच्या माथ्याला वेढणाऱ्या, रोटेटर कफ म्हणतात त्या चार स्नायूंपैकी हा एक. खांद्यावरचा जाड डेल्टॉइड स्नायू हाताला वर उचलत असताना हे चौघे मिळून माथा खोबणीत दाबून धरतात.

या स्नायूंवर किती भार येतो याचा साधा हिशेब करता येतो. ६० किलोच्या माणसाचा हात सुमारे ३ किलोचा. सरळ आडवा धरला तर त्याचा गुरुत्वमध्य सांध्यापासून ३० सेंटिमीटरवर, आणि स्नायूंची ओढ सांध्यापासून फक्त ३ सेंटिमीटरवर. म्हणजे रिकामा हात नुसता धरून ठेवायला सुमारे ३० किलोची ओढ लागते. हातात पाव किलोची कात्री असेल तर, ती सांध्यापासून दुप्पट लांब असल्यामुळे, आणखी ५ किलो. कोपर काटकोनात वाकवून पंजा वर ठेवला की तोच आकडा रिकाम्या हाताला २० किलोच्या आसपास येतो. शिवाय आवळलेल्या स्नायूत दाब वाढून रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून हात न हलवता वर धरणं हे तो वर-खाली करण्यापेक्षा वाईट.

बिघाड बहुतेकदा असा येतो. सेरेटस आणि ट्रॅपीझियसचा खालचा भाग आधी थकतात. वरचा भाग त्यांचं काम अंगावर घेतो आणि खांदे कानाकडे चढतात. फरा पुरेसा मागं झुकत नाही, छप्पर वर सरत नाही, आणि साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात कळ येते. कंडरा छपराला घासते हेच एकमेव कारण असं पूर्वी मानत. आता तिच्यावर सवयीपेक्षा अचानक जास्त पडलेला भारही तितकाच महत्त्वाचा धरतात. हंगामाच्या पहिल्या आठवड्यांत दुखणं का वाढतं, ते यातून समजतं.

फरा तपासायला दुसरा माणूस लागतो. उघड्या पाठीनं उभं राहून दोन्ही हातांत पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली घ्यावी, ३ सेकंदांत हात वर न्यावेत, ३ सेकंदांत खाली आणावेत, असं पाच-सहा वेळा. मागून बघणाऱ्यानं हात खाली येताना नीट पाहावं, दोष तेव्हाच जास्त दिसतो: फऱ्याची आतली कड पाठीतून बाहेर येते का, एक फरा धक्क्यानं खाली पडतो का. मग दुखरा हात वर नेताना मागच्या माणसानं फऱ्याचं खालचं टोक तळहातानं हलकेच वर-बाहेर ढकलावं. तेवढ्यानं कळ कमी झाली तर दुखण्यात फऱ्याचा वाटा आहे असं धरायला हरकत नाही.

अशा खांद्याला भिंतीला टेकून मारायचे जोर फार उपयोगी. तळवे छातीच्या उंचीवर भिंतीला, कोपर वाकवून छाती जवळ न्या, सरळ व्हा, आणि कोपर सरळ झाल्यावरही आणखी २-३ सेंटिमीटर ढकला, फरे पुढं सरकेपर्यंत. सेरेटसचं काम याच शेवटच्या ढकलण्यात आहे आणि लोक नेमकं तेच सोडतात. दुसरा व्यायाम: कोपर बरगडीला, मधे घडी घातलेला टॉवेल, आणि रबरी पट्टा बाहेर ओढणं. दोन्ही १०-१२ वेळा, ३ फेऱ्या, एक दिवसाआड. फरक कळायला ६ ते १२ आठवडे लागतात, म्हणून सुरुवात विरळणीच्या महिन्यात नको, ऑक्टोबर छाटणीच्या आधी हवी.

मात्र कोपर अंगाला लावून दुसऱ्यानं पंजा बाहेर वळवला तरी वळत नसेल, तर तो फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, असू शकतो. चाळिशी-साठीत आणि मधुमेह्यांत तो जास्त दिसतो, आणि तिथं ताकदीचे व्यायाम रेटणं चुकीचं. पडल्यानंतर हात उचलताच येईना, पंजात मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर अस्थितज्ज्ञाकडे जावं. श्रमानं वाढणारी डाव्या खांद्याची कळ घाम किंवा धाप घेऊन आली तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावं.

बागेत सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रुंद पायांचं, वीतभर उंचीचं स्टूल. त्यावर उभं राहिलं की घड डोळ्यांसमोर येतो आणि कोपर खांद्याच्या खाली राहतं. हात अगदी बाजूला न ताणता ३०-४० अंश पुढं ठेवावा, कारण फऱ्याची खोबणही तशीच थोडी पुढं तोंड करून असते. आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी हात खाली सोडून अर्धा मिनिट झुलवावेत.